दर घासाला पाणी

मी जन्माची काळजीखोर. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, गॅस बंद केलाय ना म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचं, पेशंटचा रिपोर्ट हातात आला की आधी त्यावरचं नाव दोनदा वाचायचं. नवरा म्हणायचा, ही देवळात गेली तरी आधी देवाची नाडी बघेल. तो चिडवायचा, पण माझ्या कामात हा स्वभाव खपून जायचा. अन्ननलिकेचा आणि पोटाचा कॅन्सर का होतो, तो टाळता येईल का, हे शोधणं माझं काम होतं. त्यात निर्धास्त माणसाचा काय उपयोग!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात लागले. घर बोरगाव मेघेला. नवरा कॉलेजात शिकवायचा, सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. सकाळी ओपीडी, दुपारी दुर्बिणीच्या तपासण्या, आणि त्यातून वेळ उरला तर संशोधन. तो उरायचा नाहीच, ओढून काढावा लागे. आमची दुर्बीण म्हणजे तोंडातून आत सरकवायची काळी, लवचिक नळी. टोकाशी दिवा, आणि त्या उजेडात माणसाचं आतलं दिसतं. निरोगी अन्ननलिका फिकट गुलाबी, ओलसर दिसते. ती मी कितीदा तरी पाहिली असेल, तरी दर वेळी नळी मी बोटबोटभरच खाली सरकवायची.

"बाई, घास अडकून राह्यला," असं म्हणत गळ्याला बोट लावणारं कोणीतरी ओपीडीत रोज असायचंच. पहिल्या दोन-तीन वर्षांत मला एक गोष्ट खटकायला लागली. पुरुष यायचे ते भाकर अडकायला लागली की. बाया यायच्या त्या पाणी अडकायला लागलं की. पुरुषाच्या अन्ननलिकेत निदान थोडी वाट उरलेली असायची, बाईच्या बहुतेक वेळा तीही नाही. फॉर्मवर मात्र 'त्रास कधीपासून?' याचं उत्तर दोघांचं सारखंच: पंधरा दिवस, फार तर महिना. मग मी डोकं चालवलं. मला वाटलं, बायांचा कॅन्सर जात्याच वेगानं वाढत असावा. एका परिषदेत मी तसं उभं राहून सांगितलंही, पडद्यावर आलेख दाखवून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात.

तो फॉर्म सोळा पानांचा होता आणि मला त्याचा भारी अभिमान. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का, दिवसातून किती? बिडी? दारू? घरात चूल की गॅस? हिरवी भाजी आठवड्यातून किती वेळा होते? दूध, फळं? पुरुषांच्या फॉर्मवर खर्रा आणि तंबाखू इतक्या ठळकपणे उठून दिसायचे की मला निदान तिथं तरी पायाखाली जमीन वाटायची. बायांचं गणित सुटत नव्हतं. काही जणी तंबाखूची भुकटी दातांना लावायच्या, पण पुष्कळ जणींनी आयुष्यात कशालाच हात लावलेला नसायचा. घरात भाजी रोज, दूध रोज. मग यांना का व्हावा?

आमच्याकडे पेशंटला कोणी काही विचारतच नाही. पेशंट स्टुलावर बसतो आणि त्याचा आजार मागे उभे असलेले चार जण सांगतात. त्यातून ती बाई असली तर पदर सावरून खाली बघत बसते, आणि तिचा नवरा, दीर नाही तर सासू भराभर उत्तरं देतात. बाहेर रांग लागलेली असायची. भराभर उत्तरं मला सोयीची होती.

विभागात एक समाजसेविका होत्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, देवळीकडच्या एका बौद्ध शेतकऱ्याच्या घरातल्या. सगळा दवाखाना त्यांना ताई म्हणायचा. छप्पनच्या दीक्षेनंतर वडिलांनी हट्टानं मुलींना शाळेत घातलं, एवढंच त्या स्वतःबद्दल सांगायच्या. पेशंटच्या घरी जाऊन फॉर्मची उरलेली पानं भरणं हे त्यांचं काम. मी जितकी घाईची, तितक्या त्या संथ. मला कधी कधी त्यांचा रागच यायचा.

एकदा सिंदी रेल्वे या गावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरातून थोरली सून आली. पंचेचाळिशीची असेल. अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशीच गाठ होती, दुर्बीण पुढे जाईना. तिचा फॉर्म तिच्या नवऱ्यानं भरून दिला. तंबाखू कधी नाही, हिरवी भाजी रोज, दूध-तूप भरपूर, त्रास पंधरा दिवस. मला तो फॉर्म फार आवडला. माझ्या सिद्धान्तात चपखल बसत होता.

दोन दिवसांनी ताई तो फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"बाई, हे पंधरा दिवस खोटं हाये."

"नवऱ्यानं सांगितलंय."

"नवऱ्याले काय मालूम? त्यानं तिले जेवताना पाह्यलं कधी?"

मला कळेचना त्या काय म्हणतायत. मग त्यांनी सांगितलं. संध्याकाळी नातेवाईक चहाला गेले तेव्हा त्या त्या बाईच्या खाटेवर जाऊन बसल्या होत्या. बाईला बोलणं जड जात होतं, पण तिनं सगळं सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. आधी कोरडी भाकर अडकायची, म्हणून ती वरणात चुरून खायला लागली. मग ताकात भिजवून. मग भाकर सुटली आणि नुसतं ताक राहिलं. घरात अकरा माणसं. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू, शेवटी सुना. थोरली दाराकडे पाठ करून बसायची. त्या घरात ती काय गिळते आणि कशी गिळते, हे पाहायला कोणी नव्हतंच.

"अन् हे भाजी रोज म्हणते," ताईंनी फॉर्मवर बोट ठेवलं, "भाजी चुलीवरच्या गंजात रोज असन. तिची पाळी येईपर्यंत गंजात रस्सा राह्यते. तिच्या ताटात काय पडलं, हे तुमच्या फॉर्मात कुठं हाये?"

मी चिडले. अगदी तोडून बोलले. "ताई, तीन वर्षांचं काम आहे हे."

"म्हणूनच सांगून राह्यली," ताई म्हणाल्या आणि फॉर्म तिथंच ठेवून गेल्या.

पुढचा आठवडाभर मी कपाटातले सगळे फॉर्म काढून बसले. बायांचे वेगळे केले आणि उत्तर कोणी दिलं तो रकाना बघत गेले. नवरा. दीर. मुलगा. सासू. नवरा. जिच्या गिळण्याबद्दल आम्ही विचारत होतो तिला जेवताना ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, अशा माणसांना मी तीन वर्षं विचारत आले होते, आणि त्यांनी प्रामाणिकपणे, त्यांना दिसलं तेवढं सांगितलं होतं. बाई अंथरुणाला लागली ते पंधरा दिवस. बायांचा कॅन्सर वेगाचा-बिगाचा काही नव्हता. तो सावकाश आला होता, वाटेत थांबत आला होता, आणि त्याला गाठायला आमच्याकडे भरपूर वेळ होता. हे लक्षात आल्यावर मला भीतीच वाटली. आलेख चुकला याचं दुःख होतंच, पण त्या प्रत्येक फॉर्मामागच्या बाईचं काय, हा विचार डोक्यातून जाईना.

सिंदीची थोरली अन्नासाठी पोटात नळी बसवून घरी गेली. चार महिन्यांनी ती गेल्याचं पोस्टकार्ड आलं.

मग आम्ही रीत बदलली. ताईंचं म्हणणं, विचारायचं ते स्वयंपाकघरात, आणि तेही बायांच्या शेवटच्या पंगतीत बसून. बाई जेवताना खरं बोलते. गावोगावच्या वस्त्यांमध्ये ताई सहज चुलीपाशी जाऊन बसायच्या. पण काही घरांत त्यांना ओसरीच्या पुढे कोणी बोलवायचं नाही. चहा यायचा तो वेगळ्या कपात. "मले चहा चालत नाई," म्हणून त्या तो परत करायच्या आणि जीपमध्ये बसल्यावर थर्मासमधला चहा ओतून प्यायच्या. अशा घरी त्या मला दारातच सांगायच्या, "आत तुमालेच जा लागते, बाई." मी काही बोलू पाहिलं तर म्हणायच्या, "फॉर्म भरून आणा आधी. त्याच्यावर मंग बोलू."

तर अशी मी, पन्नास प्रश्न एका दमात विचारणारी, अनोळखी बायांच्या शेजारी पाटावर बसून सावकाश जेवायला शिकले. वही बाजूला ठेवायची. चार घास होऊ द्यायचे. मग हळूच विचारायचं, रोज असंच मागून जेवता का, ताटात एवढंच येतं का, कोरडं खाववतं का. बाया आधी लाजायच्या, मग बोलायच्या, मग हसायच्याही. कागदावर रोज भाजी खाणारी घरं आतून निराळीच निघाली. पांढऱ्याफटक पापण्यांच्या, दम लागणाऱ्या, तरी दिवसभर राबणाऱ्या किती बाया मी पाहिल्या. प्रत्येकीची खालची पापणी मी बोटानं ओढून बघायची आणि वहीत लिहायची: रक्त कमी.

वर्षभरानं आम्ही सिंदीच्या त्या घरी गेलो, थोरलीच्या फॉर्मची खाण्यापिण्याची पानं नव्यानं भरायला. ताई ओसरीवर बसल्या, मी आत गेले. पुरुष दुकानात होते. घरात आता धाकटी जाऊ कारभारीण होती, आणि वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून थोरलीच्या मुलाचं लग्न करून घेतलेलं, त्यामुळे एक कोवळी नवी सून चुलीपुढे भाकरी थापत होती. आपली सासू तिनं फोटोतच पाहिलेली. धाकटीनं मला आणि स्वतःला ताट वाढलं. ज्वारीची भाकर, फोडणीचं वरण, अंबाडीची भाजी.

मी प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती. अर्धी भाकर झाल्यावर तिचा हात ताटातच थांबला. ती माझ्या पेल्याकडे बघत होती.

"बाई, एक विचारू? तुमाले बी अडकते का?"

"काय अडकतं? छे, कुठं काय!"

"तुमी दर घासाले पाणी पिऊन राह्यल्या. जाऊबाई बी अशीच पे."

मी पेला खाली ठेवला. तो जवळजवळ रिकामा होता, आणि तो तिनं माझ्या देखत दोनदा भरला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मले मालूम होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दीड वरीस मी तिच्या संगं जेवली. तिनं पोराची शपथ घातलती मले, कोणाले सांगू नको म्हणून. तवा मी बोलली नाई. आता बोलतो. तुमी स्वतःले दाखवा."

मी हसले. दातांचं काहीतरी आहे म्हणाले. घाईघाईनं हात धुतला, वही उचलली आणि बाहेर आले. जीपमध्ये ताईंनी विचारलं, "काय झालं, बाई? तोंड काऊन उतरलं?" "ऊन लागलं," मी म्हणाले.

पुढचे वीस दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कधीपासून होत होतं हे? आठवायला बसले तर आठवतच गेलं. पोळीचे काठ मी ताटात टाकायला लागले होते. पेरू सोडला होता. डब्यात पोळीऐवजी वरणभात न्यायला लागले होते, लवकर होतो म्हणून. दुपारी तीनला ओपीडी संपल्यावर खोलीचं दार लावून एकटीनं जेवायचं, शेजारी पाण्याची बाटली. घरी सासूबाईंना आणि नवऱ्याला गरम वाढायचं आणि मग ओट्याशी उभ्यानं आपलं उरकायचं. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. मी शिकलेली, कमावती, चार लोकांत भाषणं करणारी बाई, आपण होऊन शेवटी जेवत होते, आणि मला कोणी जेवताना पाहत नव्हतं. स्वतःचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता.

रोज सकाळी मी एक परीक्षा घ्यायला लागले. शिळ्या भाकरीचा एक कोरडा तुकडा, पाण्याशिवाय. एखाद्या दिवशी तो सरळ जायचा आणि मी दिवसभर हवेत असायची. दुसऱ्या दिवशी गळ्यापाशी थबकायचा आणि मी ओट्याला धरून उभी. ओपीडीत कोणी गळ्याला बोट लावलं की माझं बोट आपोआप माझ्या गळ्याकडे जायचं. मला माहीत होतं त्यातलं काहीच मला विसरता येत नव्हतं. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी गाठ झालेल्या बायांचं पुढे काय झालं, ते माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरात होतं.

एका दुपारी खोलीचं दार लावून मी कोरा फॉर्म घेतला आणि स्वतःचाच भरायला बसले. वाटलं, कागदावर आणलं की डोकं ताळ्यावर येईल. तंबाखू, नाही. भाजी, रोज. मग पेन थांबलं, खाडाखोड करून 'उरली तर' असं लिहिलं. त्रास कधीपासून, या रकान्यात मी लिहिलं, पंधरा दिवस. लिहून झाल्यावर त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. खोटं लिहायला मला कोणी नवरा-दीर लागला नाही.

आमच्याच विभागात दुर्बीण करून घ्यायची म्हणजे मी टेबलावरून खाली उतरायच्या आत सगळ्या दवाखान्याला कळणार. नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरणार, सासूबाईंना कळलं तर नवस बोलणार. अशी कारणं मी रोज नवी काढत होते. हीच कारणं पेशंटनं सांगितली असती तर मी तिला फैलावर घेतलं असतं.

शेवटी देवळीहून परत येताना जीपमध्ये तोंडातून निघून गेलं. "ताई, माझं अडकतं."

ताईंनी मान वळवली नाही. "कवापासून?"

"पंधरा दिवस."

"बाई."

"आठ महिने तरी," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. ताईंनी थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला, माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "उद्या नागपूरले जाऊ. मी येतो संगं."

नागपूरला माझ्या बॅचचा एक जण याच विषयातला होता. त्याच्याकडे गेलो. घशात कडू फवारा मारून मला डाव्या कुशीवर झोपवलं. "गिळा... आता गिळा," हे मी इतरांना किती सहज म्हणत आले होते! नळी आत आली आणि वरच थांबली. त्याचा हातही थांबला. तो हात कधी थांबतो हे मला माहीत होतं. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं. मी मनात म्हटलं, संपलं. मग त्यानं अगदी किंचित जोर लावला, काहीतरी चरकन फाटल्यासारखं झालं, आणि नळी सरळ पोटापर्यंत गेली.

"पडदा होता," तो नंतर म्हणाला. "कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. दुर्बिणीनंच फाटला. बाकी सगळं स्वच्छ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, पण तो कॅन्सर नाही." मग त्यानं माझी खालची पापणी ओढली. "तू कधी आरशात बघतेस की नाही? रक्त बघ किती कमी झालंय."

रक्तातलं लोह वर्षानुवर्षं कमी राहिलं की काही बायांच्या गळ्यापाशी असा पडदा धरतो. मला हे ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलं होतं. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, पडदा काढला की घास जायला लागतो. आणि पुढची ओळही मला पाठ होती: यांच्यातल्या काही जणींना पुढे त्याच जागी कॅन्सर होतो, म्हणून दर वर्षी दुर्बीण करायची. त्यानं ती ओळ म्हटली नाही. मीही विचारली नाही.

परत पॅसेंजरनं निघालो. बोरखेडीपर्यंत मी खुशीत होते. ताईंना म्हणाले, वर्ध्याला उतरल्यावर आपण पोटभर भजी खाऊ. मग गाडी सिंदीला थांबली. खिडकीतून कापसाच्या गाठी दिसत होत्या. थोरलीची गाठ होती तीही माझ्या पडद्याच्याच जागी, वरच्या तोंडाशी. तिच्या पापण्याही पांढऱ्या होत्या, तंबाखू तिनंही कधी खाल्ला नव्हता, ती सुद्धा गंजात उरलेलं खात होती. तिचाही आधी पातळ पडदाच असेल का? गाडी सुटली तरी मी त्याच बाजूला बघत बसले होते. भजी राहूनच गेली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तू तर नीट जेवत होतीस ना?" तो मनापासूनच विचारत होता, म्हणून मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

त्यानंतर आमचा फॉर्म पुरता बदलला. बाईनं काय खाल्लं हे बाईलाच विचारायचं, तिचं ताट आपल्या डोळ्यांनी बघायचं, पापणी बघायची. दोन हजार साल उलटल्यावर देवळीकडच्या गावांमध्ये आम्ही बायांना लोहाच्या गोळ्या द्यायला आणि कोरडा घास अडकतो का हे विचारायला सुरुवात केली. किती जणींचे पडदे काढले ते लिहून ठेवलं. त्यातल्या किती जणींचा कॅन्सर त्यामुळे टळला, हे मात्र मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. न झालेली गोष्ट मोजायची कशी, ही माझी जन्माची पंचाईत. माझी स्वतःची दुर्बीण दर वर्षी होते. तिच्या आधीचा आठवडा घरात माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही.

पण सिंदीला मी जाऊन आले ते नागपूरनंतर दोन महिन्यांनीच. धाकटीचे आभार मानायचे होते. जायचं टाळावंसंही वाटत होतं, कारण ती काय विचारेल ते मला गाडीतच कळलं होतं.

तिनं ताट वाढलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. पेल्याला हात लावला नाही. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. दुसरा घासही तसाच गेला तेव्हा ती हसली.

"गेलं?"

"गेलं. तुम्ही बोललात म्हणून."

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. रक्त कमी होतं, त्यानं पडदा धरतो, तो काढता येतो. नवी सून भाकरी थापता थापता ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर धाकटीनं विचारलं.

"मंग जाऊबाईचं बी आधी असंच असन का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांचं वेगळं होतं."

"बाई, मी तुमाले खरं सांगतलं होतं."

घास माझ्या हातातच राहिला. वर्षभर मी बायांकडून खरं मागत घरोघर फिरले होते.

"असू शकेल," मी म्हणाले. "खात्रीनं कोणीच सांगणार नाही. पण सुरुवातीलाच आल्या असत्या, तर काहीतरी करता आलं असतं."

"दीड वर्साआधी?"

"हो."

ती खाली बघत राहिली. मी म्हणाले, तुमचा दोष नाही, तुम्हाला शपथ घातली होती, दोष असलाच तर आम्हा डॉक्टरांचा आहे. मला ते खरंच वाटत होतं. तिला ते ऐकू गेलं असं दिसलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. चुलीवरची भाकर करपायला लागली तेव्हा तिनं मान वर केली.

"ऊठ," ती सुनेला म्हणाली. "हात धू."

"मी मागून जेवतो, काकू. मामाजी अन् सारे यायचे हायेत."

"मागून नाई. आता. त्याहीले थांबू दे."

पोरीनं बावरून माझ्याकडे पाहिलं. धाकटीनं तवा खाली उतरवला, ताट घेतलं, त्यात अख्खी भाकर ठेवली, गंजात पळी खोल घालून घट्ट भाजी वाढली आणि ताट आमच्या दोघींच्या समोर मांडलं.

"रोज माह्यासमोर बसून जेवजो. अडकलं तर मले सांगजो. अन् मले कोणाची शपथ घालू नको."

पोरगी लाजत बसली. तिनं कोरड्या भाकरीचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावू लागली. तो घास तिच्या गळ्याखाली उतरेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो.